पाच वस्त्या आणि एक डोकं

नव्या शहरात घर शोधायचं म्हटल्यावर ज्याने त्याने एकच गोष्ट ऐकवली. तुम्हाला काय, दोघंच तर आहात, कुठेही राहाल. नणंदेने फोनवर ऐकवलं, जुन्या शेजारणीने खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता ऐकवलं. घरं दाखवणाऱ्या एजंटने तर असे काही हात पसरले, की जणू अख्खं शहर त्याने या दोघांसाठी रिकामं करून ठेवलंय. आणि पाचच मिनिटांत तोच गृहस्थ बाल्कनीतून शाळेचं फाटक किती जवळ दिसतं ते दाखवू लागला.

तिला हे 'कुठेही' पटत नव्हतं. विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाचा वेळ मोजायची. एक स्क्रू बसवायला किती सेकंद, हात कुठे अडखळतो, कोण उगाच वाकतं, हे घड्याळ हातात धरून टिपायचं. जुन्या कारखान्यात तिला घड्याळबाई म्हणत, आणि नव्या कारखान्याने दुसऱ्याच दिवशी, कुणी न सांगता, तेच नाव ठेवलं. अठरा वर्षं हे केल्यावर माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

नवरा खोटे दात बनवायचा. दवाखान्यांतून हिरड्यांचे साचे यायचे, त्यावर तो एकेक दात घडवायचा. खिडकीपाशी टेबल मावलं आणि उजेड चांगला आला, की त्याचं घराबद्दलचं मागणं संपलं. बाकी सगळं त्याने बायकोवर सोपवलं होतं, आणि वर त्याला तो आपला मोठेपणा वाटत होता.

त्यांना मूल नव्हतं. आधी झालं नाही, मग हवंच का असं वाटू लागलं, आणि पुढे तो विषय कपाटावरच्या सुटकेससारखा वर राहून गेला. तिथे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांचीही तक्रार नव्हती. तक्रार लोकांची होती. जुन्या इमारतीत अकरा वर्षं ती लिफ्टमध्ये शिरली, की एखादी नवी भाडेकरीण विचारायचीच, मुलं किती. मग तळमजला येईपर्यंत ते तोंड वेंगाडणं, तो उसासा, ती हळहळ. नव्या शहरात तिला एवढंच हवं होतं, की हा प्रश्न जिथे सर्वांत उशिरा येईल तिथे राहायचं. कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत सहा आठवडे राहता येणार होतं. तेवढ्यात मोजणी उरकायची होती.

मोजायचं कुठे, यावर तिने दोन दिवस डोकं खपवलं आणि मग ते डोकंच पुढे केलं. केस कापायला बसलं, की गळ्याभोवती कापड आवळलेलं असतं, वर कात्री असते आणि उठून पळता येत नाही. वस्तीचा स्वभाव तिथे जसा कळतो तसा एजंटच्या बापालाही सांगता येणार नाही. म्हणून पाच वस्त्या, दर आठवड्याला एक, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम एक इंच. नवऱ्याला टक्कल होतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला शेजारच्या न्हाव्याकडची दाढी आली.

पहिल्या वस्तीत, उंच नव्या इमारतींच्या, चौथ्या मिनिटाला प्रश्न आला. तिने कापडाखाली घड्याळाचं बटण दाबलं. पार्लरवालीने केस कापता कापता एका डॉक्टरचा नंबर पाठ म्हणून दाखवला आणि आपल्या चुलत जावेला चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं हेही सांगून टाकलं. दुसऱ्या वस्तीत अकरा मिनिटं लागली, पण विचारणारी शेजारच्या खुर्चीतली होती, आणि "सुटलात बाई" असं म्हणून तिने स्वतःच्या तिघांची जी कहाणी लावली, ती केस धुऊन, सुकवून, बाहेर फुटपाथवर येईपर्यंत संपली नाही. नवऱ्याला चार आठवड्यांत एकाही न्हाव्याने आपणहून मुलांबद्दल विचारलं नाही. तो दात बनवतो हे कळलं, की ते तोंड उघडून आपली दाढ दाखवायचे.

तिसऱ्या वस्तीत तिला अवदसा आठवली. प्रश्न आला तेव्हा तिने सरळ ठोकून दिलं, दोन आहेत, जुळे. पार्लरवाली खूश झाली. नावं काय, कितवीत, कोण जास्त हट्टी, सगळं विचारून झालं, आणि इकडे हिनेही हात आखडता घेतला नाही. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जीसुद्धा देऊन टाकली. भिंतीपलीकडे दाढीचा साबण लावून बसलेल्या नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. न्हावी त्या पार्लरवालीचाच नवरा निघाला आणि भिंत पातळ निघाली. न्हाव्याने कौतुकाने विचारलं, जुळी म्हणजे तुमची धावपळच होत असेल. नवरा म्हणाला, कुणाची जुळी? पलीकडे कात्री थांबली. दोघं बाहेर आले तेव्हा एक गाल तुळतुळीत होता, एक तसाच राहिला होता, आणि ती वस्ती यादीतून कायमची गेली. पुढचे दोन दिवस नवरा काम थांबवून तिला मध्येच फोन करून विचारायचा, धाकट्याने डबा खाल्ला का.

चौथ्या वस्तीत पार्लर काचेचं होतं, पोरगी तोंडाला मास्क लावून होती आणि भिंतीतून हलकंसं संगीत झिरपत होतं. चाळीस मिनिटं झाली. प्रश्न नाही. कुठलाच नाही. पाणी गरम आहे का, एवढंसुद्धा नाही. ती उड्या मारतच बाहेर आली. एजंटने तिथला एक फ्लॅट हेरूनही ठेवला, सोमवारी सह्या करायचं ठरलं. आता पुरे, असं नवऱ्याने सुचवून पाहिलं, कारण केस कानांच्या वर गेले होते आणि त्याच्या गालांची सालं निघाली होती. पण पाच वेळा मोजल्याशिवाय निकाल लिहायचा नाही हा तिच्या कामाचा नियम होता. शनिवारी ती पाचव्या वस्तीत गेलीच.

हे दुकान किल्ल्या करणाऱ्याच्या आणि बंद पडलेल्या छापखान्याच्या मध्ये, जेमतेम दोन खुर्च्यांचं. चालवणाऱ्या बाई साठीच्या, आडव्या बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणत होती. त्यांनी तिच्या डोक्यात बोटं घातली, इकडचे केस उचलले, तिकडचे उचलले आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"एका महिन्यात चार जणींचा हात फिरलाय. मागचा हात कच्चा आहे, आणि इथे कानापाशी तर एकीने रागाने कापलंय. घर शोधताय की कुणापासून लपताय?"

ती ओशाळून म्हणाली, घर. मावशींनी कापड आवळलं.

"मुलं?"

तिसरं मिनिट. आजवरचा नीचांक. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "नाहीत."

"बरं. मान खाली."

ती मान खाली घालून उसाशाची वाट पाहत राहिली. उसासा आला नाही. डॉक्टर आला नाही, जाऊ आली नाही. मावशी सांगत होत्या की छापखान्याच्या मागचं तळमजल्याचं घर घेऊ नका, ओल आहे. किल्लीवाल्याच्या वरचं रिकामं आहे, खिडकी मोठी आहे, पण वरच्या मजल्यावरचा माणूस कर्णा शिकतोय आणि त्याला तो येणार नाही हे त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा तिच्या ध्यानात आपली चूक आली, आणि कारखान्यातली एखादी नवी पोर असती तर तिने तिला याच चुकीवर फैलावर घेतलं असतं. मशीन केव्हा बंद पडलं हे कुणीही सांगेल. मोजायचं असतं ते पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला. चार आठवडे ती प्रश्न येईपर्यंतचा वेळ मोजत होती आणि प्रश्न आला, की घड्याळ बंद करून बसत होती. इथे उत्तरानंतर दोन सेकंदांत मशीन सुरू झालं होतं.

या आनंदात तिच्या तोंडून, अकरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते, निसटून गेलं.

"आणि तुम्हाला?"

"दोन. मुलगा परदेशी असतो. मुलगी इथे समोरच राहते, सात वर्षं झाली, बोलत नाही. हलू नका, कान जाईल."

आरशात समोरच्या इमारतीच्या नऊ खिडक्या दिसत होत्या. कुठली? आणि का बोलत नाही? आणि सात वर्षं समोरासमोर राहून न बोलायचं म्हणजे भाजी घेताना कसं करतात? पण मावशी एव्हाना मंगळवारी बंद असणाऱ्या पावाच्या दुकानावर पोचल्या होत्या, आणि परत मागे नेणार कोण?

नवरा बाहेर उभा होता. या गल्लीत न्हावी नव्हता म्हणून त्याचा चेहरा महिन्याभराने सुखी दिसत होता. किती, त्याने विचारलं. तीन मिनिटं, ती म्हणाली. म्हणजे सोमवारी काचेच्या पार्लरवाली वस्ती नक्की, असं म्हणून तो चालायला लागला. तिने त्याची बाही धरली.

"इथेच राहायचं. किल्लीवाल्याच्या वर. तुझ्या टेबलाला खिडकी आहे."

"आणि ती शांत वस्ती?"

"तिथे मी खुर्चीत मेले असते, तरी त्या पोरीने केस सुकवून पाठवलं असतं."

मग तिने मोजणीतली चूक सांगितली, आणि त्याने ती शहाण्या नवऱ्यासारखी ऐकून घेतली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा समोरच्या खिडक्यांकडे जात होती, त्यामुळे त्याला कळलं की गोष्ट एवढ्यावर संपलेली नाही. शेवटी तिने मुलीचंही सांगून टाकलं.

"मग विचारायचंस ना, का बोलत नाही."

"असं कुणाला तोंडावर विचारता येतं का?"

त्याने तिच्याकडे पुरेसा वेळ पाहिलं. हसला मात्र नाही, आणि एवढी वर्षं संसार टिकला तो अशा ठिकाणी न हसल्यामुळेच.

"केस वाढायला तीन महिने तरी लागतील," ती म्हणाली. "तोवर मला परत जायला निमित्त नाही."

त्याने मान वर केली. काचेतून दिसणाऱ्या मावशींकडे त्याने एकदा धंद्याच्या नजरेने पाहिलं, मग समोरच्या इमारतीकडे पाहिलं.

"दुसरा मजला, डावीकडची. मघापासून या दुकानाकडे बघत उभी आहे. आत्ता जांभई दिली तिने. जबडा तोच आहे."

"एजंटला फोन लाव," ती म्हणाली, "आणि वर बघू नकोस."