खेमाची जागा

पंचफुला माझ्या हाताखाली शिकलेली. १९७९च्या मार्चात ती बंगळूरहून कुरुंद्याला आली, तेव्हा थैलीत कॉम्प्युटरच्या छापील कागदांची चळत होती. चाळीस विहिरींची पाणीपातळी नोंदवणारा प्रोग्राम तिनं सी भाषेत लिहिला होता. सोमवारी तो टपालानं दुसऱ्या शहरात जाणार होता. तिथल्या मशीनवर चालला, तर तिला तिथंच नोकरी मिळणार होती.

"चाळीस नावं लिहिलीस?" मी विचारलं.

"न्हाई गुरुजी, साचा केला. आकडा दिला, की तो 'विहीर'ला जोडून नाव तयार."

तिनं समजावलं, साच्यात 'विहीर' आणि आकडा चिकटवून लिहिलं, तर आकडा कुठं भरायचा हे मशीनला ओळखू येत नाही. मध्ये जागा सोडून लिहिलं, तर दोन वेगळे शब्द राहतात. म्हणून तिनं मध्ये एक रिकामी टीप घातली होती. टीप माणसांसाठी असते, मशीन ती गाळून टाकतं. टीप गेली, की दोन तुकडे आपोआप जुळतात.

मला नीट उमगलं नाही. असं झालं, की मी ते शाळेतल्या पोरांकडून करवून घेतो. अंगणात वाळत घातलेली हळद जरा सारून तिघांना रांगेत उभं केलं. नर्मदा म्हणजे विहीर, वसराम म्हणजे सात, मधला खेमा म्हणजे टीप.

"खेमा, जा, पाणी पिऊन ये."

खेमा गेला. बाकीचे दोघं जागचे हलले नाहीत.

"आरं, जवळ सरका की," पंचफुला म्हणाली.

"काहून?" वसराम म्हणाला. "खेमा येऊन राहिला न. त्याची जागा हाय ती."

"लई शहाणं मशीन हायेस," ती हसली. मग हसू विरलं.

"टीप गेल्यावर जागा उरत नाही, हे लिहिलंय कुठं?" मी विचारलं.

तिनं थैलीतून सी भाषेचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं. "न्हाई. आमचं मशीन तसं करतं, एवढंच."

"आणि तिकडचं?"

तोंड पुसत खेमा आला आणि आपल्या जागी उभा राहिला. पंचफुला त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओट्यावर बसून तिनं साच्यावर काट मारली आणि त्यातल्या चार ओळी एकेका विहिरीसाठी हातानं लिहायला घेतल्या. नर्मदा शेजारी बसून आकडे सांगू-तपासू लागली.

चोविसाव्या विहिरीला नर्मदा म्हणाली, "ताई, गुरुजींनी शिक्षा दिल्यागत लिहून राहिलात तुमी."

"व्हय," मान वर न करता पंचफुला म्हणाली. "पण हे कोणतंबी मशीन वाचंल. पंचवीस सांग."