दोष आढळला नाही

तपासनीसांनी सबंध नोकरी शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं तपासणं काही सुटलं नाही. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरांची चिठ्ठी, हवामानाचा अंदाज, सगळं ते उलटंपालटं करून बघायचे. डेपोत त्यांना शंकासुर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचंही. माणूस तोंडाने काय बोलतो ते सोडून द्यायचं, त्याचा हात कुठे जातो ते बघायचं, हा त्यांचा खाक्या.

अशा माणसाने एवढ्या मोठ्या कंपनीची काचेची शेगडी डोळे झाकून घ्यावी हेच मुळी नवल. पण सूनबाईला ती दुकानात आवडली, आणि तपासनीसांना एकदा तरी सासरा म्हणून मिरवायचं होतं. बिल त्यांनी स्वतःच्या नावावर केलं. वर गुळगुळीत काळी काच, खाली वीज. फिरवायचं बटण नाही, काही नाही. काचेवर बोट टेकवलं की पेटणार, पुन्हा टेकवलं की विझणार. बटण नसलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा तरी कसा, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, पण तेव्हा सगळे हसले.

मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. त्यामुळे दुपार असायची ती तपासनीसांची आणि त्यांच्या चार वर्षांच्या नातीची. ती एका जागी टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दुपारी खुर्च्या एकामागे एक मांडून बस व्हायची, भिंगरी चालक व्हायची, आणि तपासनीस प्रत्येक खुर्चीवर बसलेल्या बाहुलीला दरडावून तिकीट विचारायचे. एक अस्वल कायम विनातिकीट सापडायचं. बायको गेल्यापासून तपासनीसांच्या दिवसात जीव होता तो त्या दुपारीच.

आणि एका दुपारी घरात धूर झाला.

भिंगरी झोपली होती. तपासनीसांनी चहा केला, शेगडी विझवली, काच पुसली आणि ते फडकं ओट्यावर टाकून बाहेर येऊन बसले. जरा डोळा लागला असेल नसेल, तोच करपट वास आला. आत जाऊन बघतात तर काच लालभडक, आणि काचेवर सरकलेलं फडकं धुमसतंय. त्यांनी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं, फडक्यावर पाणी ओतलं आणि नातीला उचलून गॅलरीत नेलं. मुलगा आणि सूनबाई घरी आले तेव्हाही वास गेला नव्हता.

"मी बंद केली होती," तपासनीस म्हणाले.

"हो बाबा," मुलगा म्हणाला.

"अरे, हो काय? बंद केली होती म्हणजे केली होती!"

"हो म्हटलं ना."

असला हो कसा असतो ते तपासनीसांना चांगलं ठाऊक होतं. तिकीट वाऱ्याने उडालं म्हणणाऱ्याला ते स्वतः तसाच हो म्हणायचे. सूनबाई भिंगरीचे केस हुंगत बसली, धुराचा वास येतोय का ते बघत. पुढच्या आठवड्यापासून भिंगरी पाळणाघरात जायला लागली. "तिला मुलांची सवय व्हायला हवी," एवढंच सांगण्यात आलं. पण भांडणार कोणाशी, आणि कशाच्या जोरावर?

कंपनीशीच भांडायचं, असं त्यांनी ठरवलं. शेगडीत दोष निघाला की नात परत मिळणार, इतका सरळ हिशेब होता. त्यांनी फोन लावला. आधी संगीत, मग 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे', मग पुन्हा संगीत. मोलाचा आहे तर उचला की लेको! शेवटी एका मुलीने गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला.

दुरुस्तीवाला आला. कंपनीचा निळा सदरा, हातात पेटी, तोंडात काका-काका. त्याने शेगडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. शेगडी अगदी शहाण्या मुलासारखी वागली. संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर निरोप आला: यंत्रात दोष आढळला नाही, वापरकर्त्याचे दुर्लक्ष. मुलाने तो वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून घरातलं सगळंच तपासनीसांना संशयास्पद वाटायला लागलं. सूनबाई फोनवर बोलायची आणि ते खोलीत आले की आवाज उतरवायची. एकदा त्यांनी ऐकलं, "हो गं, काहीतरी सोय बघावी लागणार." कसली सोय? कोणाची? मुलगा रात्री पाणी प्यायला उठला की मेन बटण बघून यायचा. म्हाताऱ्याची कुठेतरी रवानगी करायचं घाटतंय, अशी पाल तपासनीसांच्या मनात चुकचुकली. आणि त्याहून वाईट पाल दुसरीच होती. खरंच विझवली होती का मी? बोट टेकवलं होतं ते त्यांना आठवत होतं. पण ते त्या दिवशीचं होतं की आदल्या दिवशीचं? रोजचीच तर गोष्ट. छे! आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण स्वतःवर घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

त्यांनी दुसऱ्यांदा तक्रार केली. तोच दुरुस्तीवाला आला. या वेळी तपासनीसांनी चहाचं पातेलं मुद्दामच चांगलं उकळू दिलं होतं, आणि काचेवर वाफेचा थर धरला होता. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, कोरडं फडकं काढलं, आणि कोणी काही सांगायच्या आत काचेचा उजवा खालचा कोपरा पुसला. नुसता पुसला नाही, काच आणि कड यांच्या फटीत नख घालून नीट कोरडा केला. मग शेगडी पेटवली.

"थांबा," तपासनीस म्हणाले. "तो कोपरा का पुसलात?"

"स्वच्छतेसाठी, काका."

"मग बाकीचे तीन कोपरे काय स्वच्छ आहेत?"

दुरुस्तीवाला ततपप करायला लागला. तपासनीसांनी असे चेहरे हजारो बघितले होते. त्यांनी आवाज खाली आणला. "किती घरांत पुसलात हो असा कोपरा?"

त्याने पेटी बंद केली. "काका, तुम्ही वडीलधारे आहात. मला नोकरी करायची आहे," असं म्हणून त्याने जो पाय काढता घेतला, तो जिन्यावरून खाली जाईपर्यंत थांबला नाही.

तपासनीसांना नाचावंसं वाटलं! वाफ त्या फटीत शिरते आणि शेगडी आपली आपण पेटते, हे त्याला माहीत होतं. त्यांनी रात्री मुलाला सगळं सांगितलं. मुलगा ऐकत होता, पण नजर सूनबाईकडे. "बाबा, त्याने फडकं मारलं, एवढंच ना?" तो हळूच म्हणाला. सूनबाई उठून आत गेली. झालं. तपासनीसांचा सगळा पुरावा म्हणजे एक फडकं, आणि घरातल्यांच्या मते आधीचं फडकं त्यांनीच जाळलेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पातेली उकळून उकळून पाहिली. शेगडी ढिम्म. पेटायचं नाव नाही. पेट की गं बये, असं म्हणत ते तासन् तास तिच्यापुढे बसून राहिले.

चार दिवसांनी कंपनीच्या बाई घरीच आल्या. जी कंपनी फोन उचलायला अर्धा तास लावते ती आपल्या पायांनी दारात! तपासनीसांचे कान टवकारले. बाई फार गोड होत्या. कंपनी नवीन शेगडी देणार, फुकट, वरचं मॉडेल. जुनी घेऊन जाणार. फक्त एका कागदावर सही हवी, आणि बिल काकांच्या नावावर असल्याने सहीही काकांचीच.

तपासनीसांनी चष्मा लावला आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. जुन्या यंत्रात दोष नव्हता, झालेला प्रकार माझ्या दुर्लक्षामुळे घडला, कंपनी केवळ सद्भावनेने यंत्र बदलून देत आहे.

"बाबा, करून टाका सही," मुलगा म्हणाला. "नवी शेगडी मिळतेय, डोक्याची कटकट जाईल."

"आणि भिंगरी?"

"तिचा इथे काय संबंध?"

"तिचाच तर संबंध आहे. या कागदावर सही केली, तर दुपारी ती माझ्याकडे राहील का?"

मुलाने बाईंचं पेन त्यांच्यापुढे सरकवलं. बाई हसू तसंच धरून बसलेल्या. तपासनीस एकाएकी फार दमले. सगळ्यांना एवढी खात्री आहे, तर असेलही तसंच. आपलंच चुकलं असेल. त्यांनी पेन उचललं.

"सही करू नका," सूनबाई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "परवा सकाळी माझ्यासमोर पेटली. मी भांडं उतरवलं, विझवली, मागे वळले, आणि परत लाल झाली. कोणी हात लावला नव्हता."

"परवा?" मुलगा ओरडला. "आणि तू आज सांगतेस?"

"कोणत्या तोंडाने सांगायचं? पोरीला मीच उचलून पाळणाघरात टाकलं. बाबांसाठी सोय शोधायला माझ्या मावशीला मीच सांगितलं होतं." ती रडायला लागली. "बाबा, मी तुम्हाला खोटं ठरवलं हो."

तपासनीसांचा संशय खरा निघाला होता, शेगडीवरचाही आणि घरातल्यांवरचाही, आणि त्यात आनंद मात्र कणभर नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाईंना परत दिलं.

पुढे सूनबाईच पदर खोचून कंपनीच्या मागे लागली. बाईंचं गोड बोलणं संपलं, वरच्या साहेबांचं सुरू झालं. तेही पाघळेनात, तेव्हा तिने ग्राहक मंचाचं नाव काढलं. त्याच सुमारास आणखी दोन घरांतून अशाच तक्रारी गेल्या म्हणे. शेवटी कंपनीचं पत्र आलं, शिक्क्यासकट: दोष यंत्रातच होता, वापरकर्त्याची चूक नाही. मुलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं, वडिलांच्या पायाशी बसून. "चुकलो, बाबा," म्हणाला. कंपनीची माणसं येऊन जुनी शेगडी घेऊन गेली. नवी आठवड्याने यायची होती, तोवर दोन्ही वेळचं जेवण बाहेरून डब्यात यायचं.

सोमवारी भिंगरी पाळणाघरात गेली नाही. सूनबाईने तिला आजोबांच्या हातात दिलं, त्यांच्याकडे बघून हसली आणि कामावर गेली. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

खुर्च्या एकामागे एक लागल्या. भिंगरीने हॉर्न वाजवला. तपासनीस पहिल्या बाहुलीपाशी वाकले, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. बघून परत आले.

"आजोबा, तिकीट विचारा ना!"

"हो हो," ते म्हणाले, आणि अस्वलापर्यंत पोचायच्या आत पुन्हा उठले. तिसऱ्यांदा भिंगरी बस सोडून त्यांच्या मागे आली. ओट्याला जिथे शेगडी होती तिथे नुसतं चौकोनी भोक होतं, खाली तारेची दोन टोकं पट्टीने गुंडाळलेली. भिंतीवरचं बटण बंद. तपासनीसांनी भोकाच्या कडेवर तळवा ठेवला. दगड थंडगार होता, पण स्वतःच्या तळव्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तळवा तसाच ठेवला, आणि बंद असलेलं बटण चालू करून पुन्हा बंद केलं.

"आजोबा, शेगडी तर नाहीये," भिंगरी म्हणाली.

"ठाऊक आहे, बाळा."

ते तिला घेऊन बाहेर आले. तिला खिडकीपासून लांब, दारापाशी बसवलं आणि दार उघडं ठेवलं. मग त्यांनी सूनबाईला फोन लावला.

"काय झालं, बाबा?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही झालं," तपासनीस म्हणाले. "अजून काही झालेलं नाही. तोवर ये तू."