एक पट्टी खाली

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो. उभ्या बांध्याचा, म्हणजे आयुष्यभर भिंतीला पाठ लावून राहणाऱ्यांपैकी. सध्या माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आहे, एक बंद पडलेलं घड्याळ आहे आणि कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचा गोल डाग आहे. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे बोलायला सवड भरपूर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुतारांनी माझा सांगाडा बांधला, पोटात लोखंडाची जड चौकट बसवली आणि तिच्यावर तारा ताणल्या. प्रत्येक पट्टीमागे लोकर लावलेली एक लाकडी हातोडी ठेवली. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि मी बोलतो. मार खाल्ल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, हे असं जन्मापासूनच ठरलेलं होतं.

तरुणपणी मी एका मोठ्या हॉटेलात होतो. लोक चहाचे कप खाली ठेवून माझ्याकडे बघायचे. मग एका नाचाच्या शाळेत गेलो. तिथल्या बाई ठेका चुकला की माझ्याच डोक्यावर छडी आपटायच्या, जणू पाय माझेच चुकत होते. त्यानंतर बरीच वर्षं एका गोदामात चादरीखाली काढली. उंदरांनी माझ्या पोटातली लोकर नेऊन आपल्या पिल्लांना अंथरली. गोदामातून मला बाहेर काढलं ते भिंगरीच्या आईने.

आई दातांच्या दवाखान्यात काम करायची. आलेल्यांना बसवायचं, नंबर लावायचे, रडणाऱ्यांना पाणी द्यायचं. लहानपणी ती शेजाऱ्यांच्या जिन्यात बसून त्यांचा पियानो ऐकायची, आणि एके दिवशी त्या घरच्या मालकिणीने तिला हुसकावून लावलं होतं. "माझी मुलगी जिन्यात बसणार नाही," असं ती मला पुसता पुसता म्हणायची. मुलगी आठ वर्षांची होती. माझ्यासोबत आलेल्या गोल स्टुलावर बसून ती दिवसभर गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं.

बाबा रंगाच्या दुकानात रंग कालवायचे. माणूस गरीब स्वभावाचा आणि बायकोच्या आवाजाला टरकून असणारा. सूर लावणारा आला तेव्हा आई दवाखान्यात होती आणि घरात बाबा एकटेच होते. त्याने माझं पोट उघडलं, बराच वेळ खोकला आणि म्हणाला, "तारा म्हाताऱ्या झाल्यात साहेब. पूर्ण वर ओढल्या तर पटापट तुटतील. म्हणून सगळाच एक पट्टी खाली बसवलाय. आपल्या आपल्यात सुरात आहे. फक्त शिकवायला येतील त्यांना तेवढं सांगून ठेवा."

"हो हो, सांगतो," बाबा म्हणाले. त्यांचा एक कान फोनला होता. कुणाची तरी अर्धी भिंत एका डब्याने आणि अर्धी दुसऱ्या डब्याने रंगवली होती आणि छटा जुळत नव्हती.

एक पट्टी खाली म्हणजे काय, ते समजून घ्या. माझी कुठलीही पट्टी दाबली की तिच्या डावीकडच्या शेजारणीचा आवाज यायचा. काळी एक दाबली की आवाज पांढऱ्या एकचा. पण सगळ्या पट्ट्या मिळून खाली उतरल्या होत्या, त्यामुळे गाणं गाण्यासारखंच लागायचं. सगळं घर मिळून एकच थाप मारायला लागलं की पाहुण्याला काय कळणार?

मग आईने शिक्षकाचा शोध सुरू केला. दवाखान्यात येईल त्याला ती विचारायची, "तुमच्या ओळखीत पियानो शिकवणारं कोणी आहे का?" तोंडात कापूस असलेली माणसं नुसती मान हलवायची. ती मान होकाराची की नकाराची, हे आई आपल्या सोयीने ठरवायची. अशा शिफारशीवर पहिले मास्तर आले. ते घड्याळ माझ्यावर काढून ठेवायचे आणि त्याच्याशीच बोलायचे. मग एक बाई आल्या. त्या विणकामाची सुई भिंगरीच्या मनगटाखाली धरायच्या, आणि मनगट जरा खाली गेलं की टोचायच्या. माझ्या पांढऱ्या पट्टीवर एकदा लाल ठिपका पडला, तो त्यांनी रुमालाने पुसला आणि पुढचा धडा काढला. मग एक तरुण आला. तो स्वतःच वाजवायचा आणि माझ्या चकाकीत बघून केस सारखे करायचा. त्यांपैकी एकालाही मी एक पट्टी खाली आहे हे कळलं नाही. बाबांनी सांगितलं नाही, कारण बाबा विसरले होते.

शिकली ती भिंगरी आपली आपणच. मित्रांनो, त्या मुलीचा कान म्हणजे काय सांगू! ती दाराकडे तोंड करून उभी राहायची, आई पाठीमागे एखादी पट्टी दाबायची आणि भिंगरी न बघता सांगायची, "काळी तीन. पांढरी सहा." एकदाही चुकायची नाही. चमचा पडला तरी म्हणायची, "पांढरी पाच." इतक्या वर्षांत माझा प्रत्येक आवाज नावानिशी ओळखणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मला तिचा फार लळा लागला.

त्या शहरात एक मोठ्या बाई होत्या. त्यांच्याकडे शिकलेली मुलं कुठल्या कुठे पोचली होती. वर्षाला एकच मूल घ्यायच्या, तेही दहाच्या आतलं. त्यांच्या घरची बेलसुद्धा कोणाला वाजवता यायची नाही. पण एक दिवस बाईंचा सुळा दुखायला लागला आणि आईचं नशीब उघडलं. आईने त्यांना सगळ्यांच्या आधी आत सोडलं आणि त्यांचा गाल सुन्न असतानाच भिंगरीला एकदा ऐकायला हो म्हणवून घेतलं. भिंगरीला दहा पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. ही एकच संधी होती, आणि तिला ते ठाऊक होतं. आदल्या दिवशी ती मला हळूच म्हणाली, "तू पण येशील तर बरं होईल रे." मी कुठला जाणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी परत आल्या. आईने चप्पल अशी भिरकावली की ती येऊन माझ्या पायाला लागली.

"घालवलंन!" आई बाबांना म्हणाली. "वाजवायला बसली आणि पहिलाच सूर वाजवून दचकली. मग हात सरकवतेय काय, थांबतेय काय! बाई म्हणाल्या, घरी पियानो आहे ना हिच्या? मग कान बघायला पाठमोरी उभी केली. दहाच्या दहा चुकली! पांढरी एक वाजवली तर म्हणे काळी एक. पांढरी दोन वाजवली तर काळी दोन. बाई हसल्या. म्हणाल्या, डोळे मिटून दगड मारले तरी एखादा लागतो. हिला कानच नाही, हिच्यावर वेळ घालवू नका."

"प्रत्येक वेळी शेजारची?" बाबांनी विचारलं.

"शेजारची काय नि लांबची काय, चूक ती चूक!"

मी ऐकत होतो. दहा दगडांतला एकही लागला नाही, आणि दहाही एकाच बाजूला एकाच अंतरावर पडले. असा नेम चुकवायला केवढा पक्का नेम लागतो! शहरातला सगळ्यात मोठा कान म्हणवणाऱ्या त्या बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांचा सुळा काढला होता, डोकं काही काढलं नव्हतं.

"आई, त्यांचा पियानो वेगळंच बोलतो," भिंगरी म्हणाली.

"नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं!"

मित्रांनो, अंगण खरंच वाकडं होतं. ते अंगण मी होतो.

आईने भिंगरीला खांद्याला धरून दाराकडे वळवलं आणि माझ्यावर एकेक पट्टी दाबली. भिंगरी रडत रडत सांगत गेली. काळी दोन. पांढरी चार. काळी पाच. सगळी बरोबर. मला वाटलं, आता आईच्या डोक्यात प्रकाश पडेल. पण आईचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे येतंय तुला. इथे सगळं येतंय! तिथे मुद्दाम केलंस. चारचौघांत माझं नाक कापायला." आणि तिने भिंगरीच्या थोबाडीत मारली.

भिंगरीने गालावर हात ठेवून बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा ना आईला."

बाबांना त्या क्षणी आठवलं. माझ्या समोरच ते उभे होते, मी डोळ्यांनी पाहिलं असंच समजा. हा माणूस रोज गिऱ्हाइकांना सांगायचा, की दोन्ही डबे एकाच वेळी घ्या, नंतर छटा जुळत नाही. त्यांचे ओठ उघडले. मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "जेवून घ्या आता."

त्यानंतर भिंगरीने मला हात लावला नाही. बाबांच्या मनाला मात्र टोचणी लागली होती. आई दवाखान्यात आणि भिंगरी शाळेत असताना त्यांनी सूर लावणाऱ्याला परत बोलावलं.

"चढव," बाबा म्हणाले. "जिथे असायला हवा तिथे आण."

"तेव्हाच म्हणालो होतो तुम्हाला..."

"चढव म्हणतोय ना."

त्याने दोन-तीन दुपारी येऊन माझ्या तारा ओढल्या. दोन तुटल्या, त्या त्याने गाठी मारून जोडल्या. फार दुखलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. पण मी म्हटलं, मोठ्या बाईंच्या पियानोसारखा होतोय ना, मग भिंगरीसाठी सोसू.

रविवारी बाबा लाडाने म्हणाले, "भिंगरे, वाजव की जरा. बघ, साफ करून घेतलाय."

ती स्टुलावर बसली. फिरली नाही. पांढरी एक दाबली आणि तिचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. परत दाबली. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, हात मागे करून न बघता एक पट्टी दाबली, नाव घेतलं आणि वळून बघितलं. चूक. परत तसंच केलं. परत चूक. ती एकेक पट्टी दाबत गेली, आणि मी प्रत्येक वेळी तिला खोटं पाडत गेलो.

"आता घरी पण चुकतंय," ती म्हणाली. तिने माझं झाकण सावकाश लावलं. "बाई बरोबर बोलल्या होत्या, बाबा. मला कान नाही."

एका वाक्याचं काम होतं. आई घरात नव्हती, भीती कुणाचीच नव्हती.

"असू दे गं," बाबा म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्यांना सगळं येत नाही."

आता भिंगरी मोठी झाली आहे. रविवारी ती माझ्या शेजारी इस्त्री करते. इस्त्री करताना कधी तरी नकळत गुणगुणते, आणि मला माझा जुना सूर ऐकू येतो, एक पट्टी खाली, केसाचाही फरक नाही. इतक्या वर्षांत माझ्या तारा परत उतरल्या, गंजल्या, पण तिच्या गळ्यात तो सूर जसाच्या तसा आहे. एवढ्यात म्हातारे बाबा खोलीत येतात. ती गप्प होते आणि म्हणते, "सॉरी हं बाबा. बेसूर आहे मी." बाबा इस्त्रीचे कपडे उचलतात आणि माझ्या डोक्यावर ठेवतात.

मित्रांनो, पियानो कोरडा ठेवा, पुसत जा, सूर लावून घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला फक्त एवढंच सांगायचंय, की तुमच्याकडे कोणाचं एक वाक्य राहिलं असेल तर ते आजच देऊन टाका. माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत, पण त्यांच्यावर ते वाजत नाही.