तेल टाका

घड्याळ अजून गरम होतं. मनगटाची ऊब, पट्ट्याला घामाचा वास, आणि काचेखाली तो बारका काटा आपला तुरुतुरु पळत असलेला… संत्र्यानं हात चिकट झाले म्हणून प्रभाकररावांनी ते काढून कोकिळेच्या हातात दिलं होतं आणि ते पेट्रोल पंपामागच्या नळाकडे गेले होते, एवढंच. हात धुवायला गेलेत, तिनं स्वतःला बजावलं, नुसते हात धुवायला. पण अंगाला कोण समजावणार? लग्नाला नऊ वर्षं झाली, घड्याळ निघालं की पुढं काय होतं ते अंगाला पाठ होतं – आधी घड्याळ फडताळावर, काच फुटू नये म्हणून, मग दाराला कडी, मग हात. घड्याळाची काळजी घेणारा माणूस हो, तसा फार जपून वागणारा! तिची मान आपसूक खांद्यांत गेली, जीभ टाळ्याला चिकटली, आणि गाडीच्या खिडकीबाहेरचा तळेगावचा रस्ता, डांबरावरचं ऊन, ओळीनं उभे ट्रक, सगळं लांब कुठंतरी गेलं.

"काय टाकू, बाई?"

तानबा होता. तिच्या वडिलांच्या, रूपरावांच्या, मळ्यातल्या विहिरीवर वर्षानुवर्षं इंजिन चालवलेला तानबा. मळ्यात वीज आली, इंजिन बंद पडलं, तसा तो गावाबाहेरच्या या पंपावर लागला होता. याच्या खांद्यावर बसून तिनं पोळ्याचे बैल पाहिले होते. बरे आहात का, सून कशी आहे, असं काही विचारायला हवं होतं… घड्याळ तळहातात टिकटिकत होतं.

"तेल टाका," ती म्हणाली.

आता हा शब्द वर्ध्याचा. प्रभाकरराव कापसाचे व्यापारी, सिंदी मेघेत घर, आणि ही अँबॅसडर घेतल्यापासून ते रोज सकाळी किल्ली फिरवत म्हणत, "तेल टाकून येतो" – टाकत पेट्रोलच, पण त्यांच्या बैठकीतले सगळे त्याला तेलच म्हणत, आणि नवऱ्याचे शब्द बाईच्या तोंडी बसतात तसा हाही बसला होता. माहेरी मात्र तेल म्हणजे डिझेल, इंजिनचं. "तानबाजी, तेल संपलं" असं ओरडत ती परकर सावरत विहिरीकडं पळायची, तेच तेल. त्यात हल्ली डिझेलवर चालणाऱ्या अँबॅसडरही निघाल्या होत्या. सासरचा शब्द तिनं माहेरच्या माणसापुढं टाकला आणि त्यानं तो माहेरच्या अर्थानं उचलला. मान हलवून तो ट्रकांच्या बाजूच्या यंत्राकडं गेला आणि त्याची नळी ओढत आला.

तिनं ते पाहिलं. पाहिलं, आणि काहीतरी चुकतंय हे कळलंही… पण मागून चूळ टाकल्याचा आवाज आला, ओले हात झटकत ते येत होते, तिनं घाईनं घड्याळ पुढं केलं, त्यांनी ते मनगटावर बांधलं आणि तिचा श्वास एकदम मोकळा झाला. तेल, नळी, तानबा, सगळं त्या श्वासाबरोबर निघून गेलं.

गाडी सुरू झाली, थोडी चाललीही. मग बॉनेटखाली कुणी खिळे हलवावेत तसा खडखडाट, एक हिसका, आणखी एक, मागं पांढरा धूर – आणि ती बाभळीखाली थांबली. पंप अजून आरशात दिसत होता. प्रभाकरराव उतरले. त्यांनी डिकीतून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल काढून पुढून फिरवून पाहिलं, बॉनेट उघडलं, कसलीशी नळी उपसली, बोट बुडवून नाकाशी नेलं. ते बोट तसंच नाकाशी धरून उभे राहिले, आणि कोकिळेला सगळं एकदम आठवलं.

सांगावं का… अहो, मीच म्हटलं त्याला तेल टाका म्हणून – हे वाक्य तिनं तोंडात जुळवलं, आणि जुळवता जुळवता पाठीचा तो भाग, जिथं व्यापारातली एक हुंडी बुडाली त्या दिवशीचा वळ अजून झोपू देत नव्हता, तो आतून हुळहुळू लागला. वाक्य तिनं गिळलं. एवढ्यात तानबा पंपाकडून धापा टाकत आला.

"काय टाकलं बे तुनं गाडीत?"

"तेल टाकलं जी. डिझेल."

"कोनं सांगतलं तुले?"

तानबानं खिडकीकडं पाहिलं. तिच्याकडंच पाहिलं, आणि तिनं नजर हलवली नाही, मान डोलावली नाही, ती नुसती बसून राहिली.

"कोनी नाई जी," तानबा म्हणाला. "माह्याच हातून झालं."

पहिली थप्पड कानावर बसली. घड्याळ काढलं नव्हतं. परक्याला मारायला एवढी तयारी लागत नाही. मग बंडीचा गळा धरून गाडीवर आदळणं, मग पोटात गुडघा… हा क्रम तिला ठाऊक होता, प्रत्येक घाव पडायच्या आधी तिला दिसत होता, आणि तो दुसऱ्याच्या अंगावर पडताना तिच्या अंगातून काहीतरी गोड, गरम असं उतरत गेलं. आज पाठ सुटली. मार, आणखी मार, सगळं इथंच रिकामं कर, घरी काही उरू देऊ नकोस! स्वतःच्याच मनातलं हे तिला ऐकू येत होतं, तरी ते थांबेना. मग प्रभाकररावांनी हँडल उचललं आणि म्हाताऱ्याच्या पायावर घातलं. तानबा ओरडला नाही, खाली बसला. हँडल धुळीत टाकून प्रभाकरराव मालकाला जाब विचारायला तरातरा पंपाकडं निघून गेले.

ती उतरली. तानबाच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो नडगी दाबून धरत होता. तिनं प्रवासाचा तांब्या त्याच्यापुढं केला.

"काऊन नाई सांगतलं तुमी, तानबाजी? मी म्हनलं होतं."

त्यानं चूळ भरून लाल पाणी बाजूला टाकलं. "घरी गेल्यावर तुमाले पडली असती, बाई."

"तुमाले कोन म्हनलं असं?"

"कोन म्हनते जी… साऱ्या गावाले ठाऊक हाये." ओठाचं रक्त पुसत तो पुढं बोलला. "रूपरावजी त माह्याजोळ बसून रडलेत, मागच्या साली, तुमाले पोचवून आल्यावर. तुमी आत बसा जी, ते पाहून राह्यले असतील."

ती बसली नाही. नऊ वर्षं ती लांब बाह्यांची पोलकी शिवत होती, भर उन्हाळ्यात. पडले, मोरीत घसरले, कवाड लागलं, सगळं किती बेतून सांगत होती, आणि बाबा हूं हूं करत ऐकत होते. यंदा दिवाळीला आई उटण्याची वाटी पुढं सरकवून म्हणाली होती, "पाठीले तुहं तूच लाव, माहे हात दुखून राह्यले" – आणि ती बिचारी आईच्या हातांची काळजी करत बसली होती. आईला पाठ बघायची नव्हती. आज जेवणं उरकून निघताना बाबांनी जावयाच्या कपाळाला गंध लावलं, संत्र्यांची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली, हात जोडले. माहीत असून जोडले. रडून घेतलं इथं येऊन, या रॉकेल-डिझेलच्या वासात, नोकराजवळ, आणि डोळे पुसून घरी जाऊन जेवले असतील.

नवऱ्याचा राग जुना होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, तो कुठं ठेवायचा हे तिला माहीत होतं. हा नवा होता. याला ठेवायला अंगात जागाच नव्हती. तो छातीतून दंडात, दंडातून बोटांत उतरत होता, आणि वाकून तिनं धुळीतलं हँडल कधी उचललं हे तिलाही कळलं नाही. लोखंड उन्हानं तापलं होतं. त्याचा भार हाताला बरा वाटला.

"बाई," तानबा हळूच म्हणाला, "ठेवा जी ते."

प्रभाकरराव पंपावरच्या दोघांना घेऊन परत येत होते, तोंड चालूच होतं. तिनं स्वतःत भीती चाचपून पाहिली, नेहमीच्या सगळ्या जागी, मानेत, पोटात, जिभेखाली, सापडली नाही. ते जवळ येत होते, त्यांनी तिच्या हातातलं हँडल पाहिलं, पावलं मंदावली. पण ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडं, कडुलिंबांच्या आड, तिच्या बापाच्या घराची कौलं दिसत होती. या वेळी बाबा जेवून ओसरीवर आडवे झालेले असतात.