मशीन की सासू?

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात कामगारांना बसायला मात्र खुर्ची नव्हती. कापणारे, ठोकणारे, पॉलिश करणारे सगळे दिवसभर उभे आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून घरी. दुखणं अंगावर काढण्यात तर एकेकाचा हातखंडा. वडिलांच्या मागे कारखाना सांभाळणाऱ्या ताईंना हे बघवेना. यंदा मागणी चांगली होती. त्यांनी ठरवलं, सगळ्यांचा आरोग्य विमा काढायचा आणि कामाच्या जागी थोडं सुखही आणायचं.

सुखाचं खातं धाकट्या भावाने घेतलं. त्याला हवं होतं फळांच्या रसाचं मशीन, बटण दाबलं की ग्लास भरणारं. कुठल्याशा मोठ्या ऑफिसात त्याने ते पाहिलं होतं, तेव्हापासून त्याचा जीव त्यात अडकला होता.

विम्याचं ताईंनी स्वतःकडे ठेवलं. चहाच्या सुट्टीत त्या एकेकाला विचारत फिरल्या, "कुटुंबात कोण कोण?"

पॉलिशकाकांनी हातातलं फडकं झटकलं. "कुटुंब गेलं ना, ताई. आता कुठलं कुटुंब."

ताईंना गलबलून आलं. पुढे विचारायचा धीर झाला नाही. काका एकटे, असं धरून त्या पुढे गेल्या.

विमावाला सह्या घ्यायला यायचा होता, त्याच सकाळी काका ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, काम सोडावं म्हणतो."

"का हो काका? आमचं काही चुकलं का?"

"छे छे. सासूबाईंना दिसेनासं झालंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काल चहा करायला गेल्या आणि हात भाजून घेतला. ऑपरेशन मला झेपायचं नाही. मग निदान घरी तरी थांबतो."

"सासूबाई? अहो, कुटुंब नाही म्हणालात ना तुम्ही!"

"कुटुंब म्हणजे आमची ही. ती गेली. तिची आई आहे की!"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. जुनी माणसं बायकोलाच कुटुंब म्हणतात. त्यांचे स्वतःचे वडीलही तसंच म्हणायचे. तरी त्या एका शब्दापायी त्यांनी एका जित्याजागत्या म्हातारीला घरातून काढून टाकलं होतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

विमावाला आला. काकांच्या सासूबाईंचं नाव घाला म्हटल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. "मॅडम, बायको किंवा नवरा, मुलं, आई-वडील, एवढंच यात बसतं. सासू-सासरे घ्यायचे तर सगळ्यांचेच घ्यावे लागतील. मग जुनी दुखणीसुद्धा पहिल्या दिवसापासून धरू. पण हप्ता वाढेल."

"म्हणजे मशीनवर पाणी सोडायचं!" भाऊ कळवळला.

"ज्यांच्यासाठी आणायचं, त्यांनाच विचारू," ताई म्हणाल्या.

करवती थांबल्या. ताईंनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "मशीन हवं की सासू?"

एकच हशा पिकला. गादी शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माझ्या सासूला विमा कशाला? ती आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाईल!" पण पहिला हात त्यांचाच वर गेला. "ती धडधाकट आहे म्हणून माझी पोरं सांभाळते. म्हणून मी इथे आहे."

मग हातामागून हात वर गेले. लग्न न झालेल्या सुतारानेही हात वर केला. "पुढचं कोणी बघितलंय?" तो लाजत म्हणाला. काका मात्र खाली मान घालून उभे होते. सासूला बहुमत मिळालेलं विमावाला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता.

मशीन आलं नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या कामाच्या जागी एकेक खुर्ची आली, किंचित चीर गेल्यामुळे विक्रीतून बाजूला काढलेली. भाऊ थोडे दिवस फुगून होता. मग त्यानेही एक धरली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पार पडल्यावर काका सासूबाईंना कारखाना दाखवायला घेऊन आले. ताईंनी त्यांना सगळ्यात गुळगुळीत खुर्ची दिली. म्हातारीने सवयीने लाकूड हाताने चाचपलं, मग हात काढला आणि नुसतं पाहिलं. मग जावयाकडे वळली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"जावईबापू, केवढे म्हातारे झालात हो तुम्ही! आणि मला पत्ताच नाही."

काका हसायला गेले आणि त्यांचे डोळेच भरून आले. ते हातातल्या फडक्याने पुसायला लागले.

"अहो, थांबा!" म्हातारी खुर्चीतून ओरडली. "पॉलिश लागलंय त्या फडक्याला!"