दोन सावल्यांचा शनी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. इतका जुना, की माझ्या पोटातला पंखा फिरू लागला की स्वयंपाकघरातून कुणीतरी "मिक्सर चालू राहिलाय का?" असे ओरडते. माझ्या पडद्याच्या डोक्यावर चिमट्याने बसवलेला एक छोटा कॅमेरा आहे. तोच माझा डोळा. त्या डोळ्याने या घरात मी जे पाहिले, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. यंत्राला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. आधी ऐका तर खरे.

माझी पहिली आठ वर्षे इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात गेली. मी जिने काढले, स्वयंपाकघरे काढली, न्हाणीघरे तर किती काढली याला गणतीच नाही. दार आत उघडायचे की बाहेर, यावर तिथे तासन्‌तास हुज्जत चाले. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आपला खरा गडी!" मग नवे चपटे संगणक आले आणि खऱ्या गड्याची रवानगी जिन्याखाली झाली. लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. मला फार वाईट वाटले, पण सांगणार कोणाला?

एके दिवशी ऑफिसची पाटी रंगवायला एक म्हातारे पेंटर आले. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांनी मला पाहिले, बोटाने माझ्यावरची धूळ पुसली आणि साहेबांना विचारले, "हा डबा कुणाला नको असेल तर मी नेऊ का?" ती त्यांची शेवटची पाटी होती. हात थरथरू लागला होता, अक्षराची कड सरळ येईना, म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवला तो कायमचाच.

घरी आल्यावर बाबांच्या भाच्याने माझ्यात एक खेळ घालून दिला. यानात बसायचे आणि ताऱ्यांमधून वाटेल तिकडे भटकायचे. यात मारामारी नाही, गुण नाहीत, हार-जीत नाही. मित्रांनो, तो खेळ सुरू झाला त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. आयुष्यभर न्हाणीघरे काढलेल्या माझ्या पोटात एकदम अब्जावधी सूर्य! मी गरम झालो, थांबलो, बंद पडलो. बाबांनी माझे झाकण उघडून मऊ ब्रशने पंखा साफ केला आणि म्हणाले, "दमानं घे रे. घाई कुणाला आहे?"

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघे निघू लागलो. बाबांना लांब जायची हौस नव्हती. एखाद्या ग्रहाजवळ यान थांबवायचे आणि उजेड कसा पडतो ते बघत बसायचे. मनासारखा उजेड पडला की एक बटण दाबायचे, म्हणजे वेगाचे आकडे, इंधनाची पट्टी, सगळे लिखाण पडद्यावरून नाहीसे होई. मग स्क्रीनशॉट. अशी चित्रे एकमेकांना दाखवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यात एक नर्स होती, एक ट्रकचालक होता, एक निवृत्त पोस्टमनही होता. त्यांचा रिवाज कडक होता. चित्र कोरे हवे, त्यावर अक्षरही नको. ग्रहाचा पत्ता काय तो खाली वेगळा लिहायचा, म्हणजे इतरांना तिथे जाता येई. तिथे बाबांचे नाव 'ब्रशवाले' होते.

एकदा त्यांना एक पिवळसर, कडी असलेला ग्रह सापडला. त्याच्या आकाशात सूर्य दोन होते. कड्यांच्या दोन सावल्या ग्रहाच्या पोटावर एकमेकींना छेद देतात तो नेमका क्षण पकडायला आम्ही तीन दुपारी घालवल्या. ते चित्र टाकल्यावर ग्रुपमध्ये नुसती धमाल उडाली. ट्रकचालकाने लिहिले, "ब्रशवाले, कालची सगळी सुट्टी तुमच्या ग्रहावर काढली. तुमच्यासारखा फोटो काही निघाला नाही." बाबांनी ते पाच वेळा वाचले. कानशिले लाल झाली होती त्यांची.

आता ताईबद्दल सांगतो. ताई म्हणजे त्यांची मुलगी. शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी ती माझ्यावर प्रश्नपत्रिका तयार करी, दुपारी बाबा बसत. एकाच खुर्चीवर दोघे बसत, पण बाबा इथे काय करतात हे तिने कधी विचारले नाही. बाबांनीही कधी सांगितले नाही.

शाळेत विज्ञानाचे नवे दालन व्हायचे होते. भिंतभर मोठ्या चित्राच्या शोधात ताईने बाबांचा फोल्डर उघडला आणि पिवळा ग्रह पाहून थबकली. लगेच हेडबाईंना फोन लावला. "बाई, शनीचा काय सुरेख फोटो मिळालाय! बाबांना आकाशाचं वेड आहे ना, नेटवरून उतरवून ठेवतात." आणि तिने खाली ठसठशीत अक्षरात लिहिले, 'शनी. अंतराळयानाने टिपलेला खरा फोटो.' मला घाम फुटायचा तेवढा राहिला. अहो, तो शनी माझ्या पोटात तयार झालाय! पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी बाबा बसले. ताईची फाईल पडद्यावर उघडीच होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता हाक मारतील, आता सांगतील. बाबांनी खालची ओळ वाचली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी फाईल बंद केली आणि ते चहा करायला निघून गेले. ते एक अक्षर बोलले नाहीत! मित्रांनो, अब्जावधी सूर्य पाहूनही मी इतका हादरलो नव्हतो.

दालनाच्या उद्घाटनाला ताईने मला सोबत नेले, कारण मुलांना चित्रफिती दाखवायच्या होत्या. टेबलावरून मला सगळे दिसत होते. बाबा तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पाहुण्या म्हणून वेधशाळेतल्या एक बाई आल्या होत्या. पडदा सरकला. दहा फुटांचा पिवळा ग्रह भिंतीवर झळकला आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्या मात्र जवळ गेल्या, चष्मा वर करून पाहू लागल्या.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा शनी नाही. इथे कड्यांच्या सावल्या दोन पडल्यात बघा. आपल्याकडे सूर्य एकच आहे. कुठून मिळाला हा फोटो?"

टाळ्या थांबल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबांनी… नेटवरून उतरवला होता," ती कशीबशी म्हणाली.

"उतरवला नाही." तिसऱ्या रांगेतून बाबा उठले. "मी काढलाय तो. खेळातला ग्रह आहे."

ताई वळली. "बाबा, तुम्ही हे खालचं वाचलं होतं?"

"हो. परवाच."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, बाळ. माझं चित्र कुणी कधी भिंतीवर लावलं नव्हतं. बोललो असतो तर तू काढून टाकलं असतंस."

ताईने डोळे पुसले नाहीत की ती रागावली नाही. ती भिंतीपाशी गेली, चित्राखाली चिकटवलेली त्या ओळीची पट्टी नखाने उचकटून काढली आणि मुलांकडे वळून म्हणाली, "चूक माझी आहे. माहिती कुठून आणली ते विचारा, असं तुम्हाला रोज सांगते. मी मात्र घरातल्या घरात विचारलं नाही." पट्टी निघाली, पण तिची निम्मी अक्षरे भिंतीलाच चिकटून राहिली.

घरी आल्यावर मात्र ती बोलली. "मुलांसमोर माझी मान खाली गेली, बाबा. तुम्ही बघत बसलात." बाबांनी माझ्याकडे पाठ फिरवली. अकरा दिवस ते माझ्यासमोर बसले नाहीत. ग्रुपवर नर्स विचारत होती, पोस्टमन विचारत होता, ब्रशवाले कुठे गेले? माझ्या पंख्यात धूळ साचली. माझा जीव कासावीस झाला. आता पुन्हा जिन्याखालीच जायचे, असे मी धरून चाललो.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पाहतो तर ताई! तिने खेळ सुरू केला, ग्रुपवरचा पत्ता शोधला आणि यान पिवळ्या ग्रहाकडे सोडले. सोडले म्हणजे काय, भिरकावलेच. यान गरगरू लागले, धोक्याची घंटा वाजू लागली. तिला काही सुचेना, ती दिसेल ते बटण दाबत सुटली.

"अगं, वेग कमी कर! कमी!" घंटा ऐकून आतून बाबा ओरडले. "आपटशील! नाक वर घे!"

"कसं घ्यायचं ते मला काय माहीत?" ताईही ओरडली. "दाखवा ना येऊन!"

बाबा दारात आले. मग त्यांनी स्टूल ओढले, तिच्या हातावर आपला थरथरणारा हात ठेवला आणि यान सावरले. माझा पंखा घरघरत होता, दोघांनाही ऐकू येत नव्हता.

"इथून बघ," बाबा म्हणाले. "सावल्या जुळायला अजून वेळ आहे."

"किती वेळ?"

"बसशील तेवढा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांचा पंखा अधूनमधून साफ करा, एवढे तर मी मागणारच. दुसऱ्याचे चित्र पुढे पाठवताना ते कुणाचे आणि कुठले ते आधी विचारून घ्या, हेही सांगतो. पण मला खरे मागायचे आहे ते वेगळेच. तुमच्या घरात कुणी माझ्यासारख्या डब्यासमोर एकटेच बसत असेल, तर एकदा त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहा आणि विचारा, "काय बघताय?" उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलेच नसते.