शिगेचं माप

मुख्तारने काडतूस पकडीत धरलं, हलके हलके ओढून गोळी बाहेर काढली आणि पुंगळीतली दारू तराजूच्या पारड्यात ओतली. दांडीचं टोक खुणेच्या पार वर गेलं. त्याने पंखा बंद केला, पारडं पुसलं आणि दारू पुन्हा घातली. टोक पुन्हा वर. दारू ठरल्यापेक्षा जास्त होती.

गॅरेजमागच्या त्या खोलीच्या खिडकीतून ड्रायव्हर दत्ताराम दिसत होता. मोटारीची मागची सीट तो साबणाने घासत होता. सकाळी वाळवंटातल्या नेमबाजीच्या रेंजवरून परतताना मालकांच्या भाच्याचं, अम्मारचं, रक्त तिच्यावर सांडलं होतं.

आखातातल्या रिफा गावातला हा बंगला अबू राशिद यांचा. लष्करातून निवृत्त झालेला हा गडी, बंदुकीचं वेड मात्र निवृत्त झालं नव्हतं. बाजारची काडतुसं त्यांना चालत नसत. पुंगळी, आग पाडणारी टिकली, दारू, गोळी, सगळं घरी जुळवून ते स्वतःची काडतुसं भरत, आणि मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांपुढे एखादं ठेवून सांगत, हे माझ्या हातचं. आता ते खरं राहिलं नव्हतं. त्यांचा हात कापू लागला होता. म्हणून बंगल्यातले एसी आणि वायरिंग बघणाऱ्या मुख्तारला त्यांनी हळूहळू सगळं शिकवलं, आणि काडतुसं मुख्तारच्या हातची होऊ लागली. ही गोष्ट त्या दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

हिवाळ्यात बहिणीच्या मुलाला, अम्मारला, घेऊन आफ्रिकेत शिकारीला जायचं ठरलं होतं. त्यासाठी जड गोळ्या आल्या. त्यांच्याबरोबर अबू राशिदनी दारू मोजायची नवी डबी दिली, नेहमीच्या डबीहून लहान.

"गोली भारी, बारूद कम," ते म्हणाले होते. "डबी भर के ऊपर कार्ड फिराने का. एकदम लेव्हल. फिर तराजू."

मुख्तारने मान डोलावली होती. मान डोलावणं आणि पटणं यांत अंतर असतं. दाभोळला त्याच्या बापाचं तांदळाचं दुकान होतं, आणि बापाने पोराला हिशेबाआधी माप शिकवलं होतं: माप शिगेनं, काठावर रास ठेवून द्यावं, शीग पुसली की बरकत पुसली जाते. जड गोळीला लहान डबी, हे मुख्तारला भारी पाहुण्याला अर्ध्यापोटी उठवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं त्याचा हात चुकला नव्हता, तराजूही आताशा सवयीपुरता उरला होता. त्याने डबी भरली, कार्ड फिरवलंच नाही आणि तराजूलाही हात लावला नाही. प्रत्येक पुंगळीत शिगोशीग दारू गेली, आणि वरून जड गोळी दाबून बसली. काम करताना त्याला फार बरं वाटलं होतं, हे त्याला आता आठवत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

सकाळी वाळवंटात अम्मारने पहिलाच बार काढला. पुंगळीचं बूड फाटलं, आग मागे फुटली आणि पितळेची कपची त्याच्या डोळ्यात शिरली. डॉक्टर म्हणत होते, डोळा राहील, दिसेल किती ते अल्लाच्या हाती.

इस्पितळातच अबू राशिदनी बहिणीला सांगून टाकलं होतं की बंदुकीच्या नळीत पुसायची चिंधी अडकली होती, म्हणून बार मागे फुटला. आणि बंदुका पुसायचं काम ड्रायव्हर दत्तारामचं.

मुख्तारने पारड्यातली दारू कागदात गुंडाळून खिशात टाकली.

त्या संध्याकाळीच तो बोलणार होता. मग मनाशी म्हणाला, अम्मारचं ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झाल्यावर म्हणाला, साहेबांचा राग निवळू दे. माणसाला गप्प बसायचं असलं की सबबींना तोटा नसतो. दत्तारामचा व्हिसा रद्द झाल्याचं कळलं, तेव्हाही तो दिवसभर एसीची जाळी धूत राहिला. चोराच्या मनात चांदणं, तसं अबू राशिदनी नुसती हाक मारली तरी त्याचा हात आधी खिशातल्या पुडीकडे जायचा.

दत्ताराम कुडाळकडचा. बंगल्यामागच्या खोल्यांत दोघांची दारं शेजारी, चूल एकच. त्याची मुलगी अश्विनी कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती, अजून अर्धं शिक्षण बाकी होतं. पण तो तिच्याबद्दल बोलत नव्हता. जेवताना हात थांबवून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा.

"मी चिंधी काढलेली, मुख्तार. काढलेली मां? माका आठवणा नाय. त्या पोराचो डोळो गेलो तर मी देवाक काय सांगू?"

मुख्तार त्याच्या ताटात आमटी वाढायचा.

जायच्या दिवशी दुपारी दत्ताराम बॅग भरायला बसला, आणि मुख्तारला ते बघवेना. तो तडक मजलिसमध्ये गेला. अबू राशिद एकटेच लोडाला टेकून कॉफी पीत होते. मुख्तारने दारात चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. दारू जास्त भरली, कार्ड फिरवलं नाही, चिंधी कुठेच नव्हती. दत्तारामला ठेवा, मला पाठवा.

अबू राशिदनी कप खाली ठेवला. हात कापत होता, म्हणून दोन्ही हातांनी ठेवला.

"मेरे को मालूम," ते म्हणाले. "उसी दिन मालूम. मैं खोल के देखा, सब में बारूद ज्यादा."

मुख्तारने खिशातली दारूची पुडी काढून कपाशेजारी ठेवली.

"और डब्बे में हिसाब से एक काडतूस कम था," अबू राशिद शांतपणे म्हणाले. "तुम भी देखा. तुम भी चुप, मैं भी चुप."

"बाबा, वो गरीब आदमी है."

"मेरी बहन पूछती, काडतूस कौन भरा? मैं क्या बोलूँ? सब को मालूम, अबू राशिद भरता है." त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. म्हातारे, थकलेले डोळे. त्यांनाही लाज वाटत होती, पण लाज सोसायला दुसरा माणूस मिळाला की ती हलकी होते. "उसको पैसा दिया मैंने. ज्यादा दिया. खलास, मुख्तार. जाओ."

मुख्तार बाहेर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतात. इथे चोर स्वतः जाऊन गळा पुढे करत होता आणि कुणी घ्यायला तयार नव्हतं.

दत्ताराम बॅगेला दोरी बांधत होता. मुख्तार दार लोटून त्याच्यासमोर जमिनीवरच बसला.

"दत्ता, नळीत चिंधी नव्हती," तो म्हणाला. "काडतुसं मी भरतंय. साहेब नाय, मी. ह्या वेळी दारू जास्ती पडली माझ्या हातनं. म्हणून ती फुटली."

दत्तारामच्या हातातली दोरी तशीच राहिली. आता हा उठेल, गळा धरेल, असं मुख्तारला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

"म्हंजे मी नाय?" दत्ताराम म्हणाला.

"तू नाय."

"खरा सांगतंस?"

"अल्लाची शप्पत."

दत्ताराम मागे भिंतीला टेकला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की हसतोय ते मुख्तारला कळेना. नोकरी गेलीच होती, व्हिसा गेलाच होता, संध्याकाळचं विमान ठरलेलंच होतं. तरी त्याने हात काढले तेव्हा चेहरा असा मोकळा झाला होता, जणू कुणी त्याला घरी जायची रजा दिली होती.

"रात्री झोप नाय होती माका," तो म्हणाला. "डोळे मिटले की तो पोरगोच दिसायचो."

त्याने डोळे पुसले आणि मुख्तारकडे वळून सहज विचारलं.

"तुका कधी कळला?"

खिडकीखाली एसीचं पाणी ठिबकत होतं. बाहेर नव्या ड्रायव्हरने मोटार सुरू केली होती.

"आज," मुख्तार म्हणाला. "साहेबांनी आज सांगितलं."

दत्ताराम उठला, जवळ आला आणि त्याने मुख्तारच्या खांद्यावर हात ठेवला.

"मगे तुझो काय दोष? कळल्याबरोबर धावत इलंस मां?" तो म्हणाला. "देव तुझा बरा करो. मनाक लावन घेव नको."

आणि बॅग उचलायला मुख्तार वाकला, तेव्हाही तो हात त्याच्या खांद्यावरच होता.